तिशीतली आई

गणिताचे आणि माझे कधीच फारसे जमले नाही. दहावीच्या परीक्षेनंतर त्याने मला सोडले की मी त्याला, याविषयी आमच्या घरात अजून दुमत आहे. तरीसुद्धा आज वाचकांनी माझ्याबरोबर थोडी वजाबाकी करावी, अशी विनंती आहे. आकडे अगदी सोपे आहेत. शिवाय दिवाळी अंकातले पान एरवीच्या पानापेक्षा ऐसपैस असल्यामुळे कडेला हातचा धरून ठेवायलाही जागा आहे.

रीमा लागू यांचा जन्म २१ जून १९५८ चा. 'कयामत से कयामत तक' हा चित्रपट लागला १९८८ च्या एप्रिलमध्ये. त्यात त्या जुही चावलाच्या आई होत्या. म्हणजे पडद्यावर लग्नाच्या वयाची मुलगी पदरात पडली, तेव्हा रीमाबाईंना तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढल्या वर्षाच्या अगदी शेवटी 'मैंने प्यार किया' आला. त्यातला त्यांचा मुलगा सलमान खान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. 'हम आपके हैं कौन'मधली मुलगी माधुरी दीक्षित नऊ वर्षांनी लहान. आणि १९९९ च्या 'वास्तव'मधला त्यांचा रघू, म्हणजे संजय दत्त, त्यांच्याहून फक्त तेरा महिन्यांनी लहान! तेरा महिन्यांच्या अंतराने सख्खी भावंडे जन्मलेली मी पाहिली आहेत. मायलेक कोणी पाहिले असतील तर कळवावे.

हा प्रकार आपल्या चित्रसृष्टीला नवा नाही, हे खरे. १९५५ च्या 'मुनीमजी'त निरुपा रॉय देव आनंदच्या आई झाल्या होत्या. त्यांचा जन्म १९३१ चा, चिरंजीवांचा १९२३ चा. 'मदर इंडिया'तल्या नर्गिस आणि त्यांचा बिरजू झालेले सुनील दत्त हे दोघे एकाच वयाचे. पण नर्गिसची गोष्ट निराळी. ती राधा आपल्यासमोर नवी नवरी म्हणून येते, संसार करते, नांगर ओढते आणि मग म्हातारी होते. शिवाय त्याआधी दहा वर्षे नर्गिसबाई राज कपूरबरोबर पावसात, चांदण्यात, हव्या तिथे फिरून आल्या होत्या. त्यांना पडद्यावर तारुण्य मिळाले होते. रीमाबाईंच्या वाट्याला पडद्यावरचे तारुण्य आलेच नाही. हिंदी प्रेक्षकाने त्यांना नीट ओळखले तेव्हाच त्या मुलांच्या लग्नाची काळजी करीत होत्या.

बरे, तरुणपणी त्या करीत काय होत्या? ते मराठी माणसाने सांगायचे, कारण ते मराठी माणसानेच पाहिले आहे.

मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरच्या अभिनेत्री. वसंत कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली'मध्ये त्यांनी काम केले होते. नाटक मूल नसलेल्या जोडप्याचे. पण त्याच्या नावातला आशीर्वाद म्हणा की टोमणा म्हणा, तो लागू पडला मुलीला. (कोटी करण्याचा हेतू नव्हता, झाली खरी.) पुण्याच्या हुजूरपागेत शिकत असतानाच मुलीतला अभिनय लोकांच्या नजरेत भरला. १९७८ साली लग्न होऊन नयन भडभडे यांच्या रीमा लागू झाल्या, आणि १९७९ पासून पुढे दहा वर्षे त्यांनी मुंबईत युनियन बँकेत नोकरी केली. बँकांच्या आपापसातल्या वार्षिक सांस्कृतिक कार्यक्रमांतही त्या भाग घेत. मुंबईच्या मध्यमवर्गीयाला यात नवल वाटायचे नाही. दिवसा लेजर, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग आणि सोमवारी पुन्हा आठ पन्नासची गाडी, अशी एक सबंध पिढीच या शहराने पाहिली. मराठी रंगभूमीवर बँकांचे केवढे ऋण आहे, आणि त्या कर्जाची वसुली कोणी मागितली नाही, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या दहा वर्षांत रंगभूमीवर त्यांनी जी कामे केली, त्यांतली दोन सांगते. एक जयवंत दळवींचे 'पुरुष'. त्यात नाना पाटेकर गुलाबराव हा सत्तेच्या जोरावर माजलेला पुढारी, आणि रीमाबाई अंबिका. एका तत्त्वनिष्ठ शिक्षकाची मुलगी. गुलाबराव तिच्यावर बलात्कार करतो. न्याय मिळत नाही. आपली म्हणवणारी माणसे दूर सरकतात. शेवटी कायदा जी शिक्षा देऊ शकला नाही ती अंबिका आपल्या हाताने देते. शिक्षा कोणती, ते नाटकाच्या नावावरून ओळखावे. दुसरे १९८५ सालचे शेखर ताम्हाणे यांचे 'सविता दामोदर परांजपे'. चारचौघींसारखी संसारी बाई, आणि तिच्या अंगात दुसऱ्याच एका बाईचा वावर. एकाच देहातून दोन बायका बोलायच्या, आणि दुसरी बोलू लागली की पहिलीचा मागमूस उरायचा नाही. माझ्या मावशीने ते नाटक पाहिले होते. घरी आल्यावर तिने त्या रात्री कोणाला दिवा मालवू दिला नाही, आणि वर 'काय काम केलंय गं त्या मुलीनं!' हेही दहादा बोलून दाखवले. मुलगी! मावशी तेव्हा चाळिशीची, आणि तिच्या दृष्टीने रीमा लागू ही मुलगी होती. तीन वर्षांनी तीच मुलगी हिंदी पडद्यावर मावशीच्या वयाची होणार होती.

वाचकांनी हे दोन चेहरे मनाशी धरून ठेवावेत, एवढ्याचसाठी इतका वेळ नाटकात घालवला. एक सूड घेणारी, एक झपाटलेली. चित्रपटातही त्या तोवर अगदीच नव्या नव्हत्या. डॉ. जब्बार पटेलांचा 'सिंहासन', गोविंद निहलानींचा 'आक्रोश', श्याम बेनेगलांचा 'कलयुग' या तिन्ही चित्रपटांत त्या होत्या, आणि दूरदर्शनवर १९८५ साली 'खानदान' मालिकेतही होत्या. कामे लहान, पण त्या कामांवरून ही बाई आता आयुष्यभर देवघरापाशी उभी राहून मुलाची वाट पाहील, असे भविष्य कोणा ज्योतिषाने वर्तवले नसते.

झाले असे की, १९८८-८९ साली हिंदी चित्रपटाला आई बदलून हवी होती. जुनी आई गरिबाची. तिच्याकडे शिवणयंत्र, खोकला आणि एक देव एवढाच ऐवज. तिचा मुलगा रागावलेला आणि तिशी-पस्तिशी उलटलेला. आता नायक आले ते विशी-बाविशीचे, कोवळे, बंगल्यातले. बापाशी त्यांचे वाकडे असले तरी दारिद्र्याशी नव्हते. अशा मुलाला आई हवी ती नीटनेटकी, हसतमुख, मुलाच्या खोलीत डोकावून थट्टा करू शकेल अशी. हिशेबाने ती चाळिशीची असायला हवी. पण पडद्यावर चाळिशीचे काम करायला निर्मात्यांना तिशीच पसंत पडली. नायिकेला सोळा वर्षांची दाखवायचे तर पंचविशीची मुलगी घेतात आणि आईला चाळिशीची दाखवायचे तर तिशीची घेतात, असा हा उफराटा बाजार आहे. त्यात खऱ्या चाळिशीच्या बाईने जायचे कुठे, हा प्रश्न कोणी विचारलेला मला ठाऊक नाही.

आता न्यायाने बोलायचे तर त्या साच्यात शिरून रीमाबाईंनी साचाच थोडा बदलला. त्यांच्या आधीची पडद्यावरची आई बोलायची फार. देवाशी बोलायची, तसबिरीशी बोलायची, कोणी नसले तर भिंतीशी. रीमाबाईंची आई आधी ऐकते. 'मैंने प्यार किया' पुन्हा पाहिला तर हे ध्यानात येईल. मुलगा काही सांगू लागला की त्यांचे डोळे आधी त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावतात, ओठांच्या कोपऱ्यात कळले-कळलेसे काही हलते आणि मग एखादे साधे वाक्य येते. मुलाचे मन तिला नवऱ्याच्या आधी समजते, आणि ते समजल्याचे ती भांडवल करीत नाही. 'आशिकी'तले काम त्याहून लहान. नवऱ्याने टाकून दुसरे लग्न केलेली बाई. तिथे रडायला वाव भरपूर होता. त्यांनी तो जपून वापरला. ही नाटकातली शिस्त. प्रेक्षकाच्या आधी नटाने रडायचे नसते, हे ज्याने प्रयोगामागून प्रयोग केले आहेत त्यालाच ठाऊक असते.

पण 'हम आपके हैं कौन'विषयी मला तक्रार आहे. १९९४ च्या त्या चित्रपटाने उत्पन्नाचे जुने विक्रम मोडले. अवघा महाराष्ट्र सहकुटुंब पाहून आला, काही कुटुंबे तर दोन-दोन, तीन-तीनदा. तीन तासांच्या त्या अखंड लग्नसमारंभात रीमाबाईंना करायला काय होते? ओवाळणे, पाठवणी करणे, डोळे पुसणे. अभिनेत्री म्हणून त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते ती एकाच ठिकाणी: व्याही आणि विहीणबाई यांच्या थट्टेच्या प्रसंगात. कॉलेजच्या दिवसांतली जुनी ओळख, तेव्हाचे काही न बोललेले, आणि आता दोघांच्या मुलांची लग्ने. त्या गाण्यात क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर एक मुलगी येऊन जाते. लगेच पदर सारखा होतो आणि पुन्हा आई. तो क्षण पाहिला की मला मावशीचे 'त्या मुलीनं' आठवते.

आमच्या विभागातले एक सहकारी या मुद्द्यावर माझ्याशी चहाच्या वेळी नेहमी वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे: नायिका पाच-सात वर्षे टिकते, आई पंचवीस वर्षे टिकते. बँकेतली पक्की नोकरी सोडून आलेल्या बाईला सतत काम मिळाले, मान मिळाला, घराघरांत नाव झाले. यात गमावले काय? त्यांचे म्हणणे मी मोडीत काढीत नाही. पेन्शनीच्या भाषेत ते सोळा आणे बरोबर आहे. परंतु 'पुरुष'मधली अंबिका ज्या बाईत होती, त्या बाईला वर्षानुवर्षे रागावायला न देणे, ही मला तरी किरकोळ गोष्ट वाटत नाही. आणि यात निर्मात्यांइकेच आपणही आहोत. आपल्यालाही आई हवी ती न रागावणारीच. सभागृहातून बाहेर पडताना 'अगदी आपल्या आईसारखी' असे आपण म्हणतो, तेव्हा आपली खरी आई शेजारी उभी असते, आणि ती सकाळपासून दोनदा आपल्यावर रागावलेली असते.

तो राग अखेर पडद्यावर आला १९९९ साली. त्या वर्षी महिन्याभराच्या अंतराने त्यांचे दोन चित्रपट लागले, आणि त्यांतल्या दोन आया एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. नोव्हेंबरातला 'हम साथ साथ हैं' हे रामायणच. रीमाबाई त्यात कैकेयी. सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी. पण त्या सोज्वळ घरात कैकेयीलाही फार वेळ वाईट राहता येत नाही. लवकरच पश्चात्ताप होतो आणि सगळे पुन्हा जेवायला बसतात. त्याआधी ऑक्टोबरात आला होता महेश मांजरेकरांचा 'वास्तव'. गिरणगावातले मराठी घर, शिवाजी साटम बाप, पावभाजीची गाडी टाकून धंद्याला लागलेला मुलगा, आणि हातून एक खून झाल्यावर गुंडगिरीच्या चिखलात रुतत गेलेला तोच मुलगा. शेवटी वेडापिसा झालेला रघू सुटका मागतो आणि आई त्याच्याच पिस्तुलाने त्याला सोडवते.

मदर इंडियाने बिरजूला गोळी घातली, त्याला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. ती आई नर्गिस. आणि इथे गोळी लागते ती नर्गिसच्याच पोटच्या मुलाला. एवढा योग जुळून आल्यावर एखाद्या नटीने त्या प्रसंगात आकाशपाताळ एक केले असते. रीमाबाईंनी काय केले? आवाज खाली आणला. चित्रपट सुरू होतो तोच मुळी या आईपासून. समुद्रकिनाऱ्यावर रघूच्या वर्षश्राद्धाचे विधी चालले आहेत आणि ती नातवाला त्याच्या बापाची गोष्ट सांगते आहे. स्वतः मारलेल्या मुलाची गोष्ट त्याच्या मुलाला कशी सांगावी, याचे उत्तर त्यांच्या स्वरात आहे: कोरडा, सपाट, आणि कुठेही न थांबणारा. मी वर्गात करुणरस शिकवते तेव्हा उदाहरणे जुन्या काव्यांची देते. पण मनात बहुतेक वेळा हा आवाज असतो.

फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रींच्या यादीत रीमाबाईंचे नाव चार वेळा आले. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'. ती काळी बाहुली एकदाही घरी आली नाही.

आता छोट्या पडद्याकडे वळते, आणि इथे मात्र माझा सूर आपोआप बदलेल. चित्रपटाने जे दिले नाही, ते दूरचित्रवाणीने हसत हसत दिले. १९९४ हे साल पाहा. चित्रपटगृहात त्या नवरीची आई म्हणून डोळे पुसत आहेत. आणि त्याच सुमारास दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती'त त्या कोकी कुलकर्णी आहेत. नवरा केकू म्हणजे जतीन कनाकिया; शेजारी राकेश बेदी आणि अर्चना पूरणसिंग. केकूचा डोळा शेजारणीवर आणि शेजाऱ्याचा डोळा कोकीवर! छत्तीस वर्षांच्या देखण्या बाईवर शेजाऱ्याने भाळावे, एवढी साधी गोष्ट मोठ्या पडद्याला सुचली नव्हती. ती अधिकारी बंधूंच्या या विनोदी मालिकेला सुचली. कोकीला सगळे कळते आणि ती काहीच कळू देत नाही. तिचे ते निरागसपण मोठे पोहोचलेले होते.

त्याच वर्षी सुरू झालेली दुसरी मालिका 'तू तू मैं मैं'. दिग्दर्शक सचिन, सून सुप्रिया, सासू रीमाबाई. देवकी आणि राधा. सबंध मालिकेचे कथानक एका ओळीत सांगता येते: दोघी भांडतात. पण कशा भांडतात! दोघी तोडीस तोड. कोणी कोणाच्या चहात विष घालीत नाही, कोणी कोणाला घराबाहेर काढीत नाही. आणि बाहेरच्या कोणी एकीला बोल लावला तर दुसरी पदर खोचून धावून येते. पुढे २००० सालानंतर सासू-सुनांच्या मालिकांचा महापूर आला. भरजरी साड्या, एकाच चेहऱ्याला तीन बाजूंनी तीन वेळा विजेचा धक्का, आणि स्वयंपाकघरात राजवाड्यातली कारस्थाने. तो पूर पाहिल्यावर देवकीची थोरवी अधिक कळते. रीमाबाईंचा विनोद तोंड वेडेवाकडे करण्याचा नव्हता. सुनेने वर्मी लागणारे काही बोलावे, सासूने तिच्याकडे न पाहता साडीची निरी सारखी करावी, एक क्षण जाऊ द्यावा, आणि मग अगदी गोड आवाजात असे काही बोलावे की सुनेला उत्तर सुचेपर्यंत जाहिराती सुरू व्हाव्यात. तो मधला क्षण नाटकातून आलेला. आमच्या घरी आजी आणि आई ही मालिका एकत्र पाहत. आजी सुनेची बाजू घ्यायची आणि आई सासूची. जाहिरातींच्या वेळात आमच्याकडे जी शांतता असे, तशी शांतता एरवी आठवड्यात नसे.

पुढल्या वर्षांत हिंदीतल्या आया चालूच होत्या; 'कुछ कुछ होता है'त काजोलची, 'कल हो ना हो'त शाहरुख खानची. ती यादी मी देत बसत नाही. तिच्याऐवजी दोन मराठी कामे सांगते. गजेंद्र अहिरे यांच्या २०१३ च्या 'अनुमती'त विक्रम गोखले आजारी बायकोसाठी पैशांची तजवीज करीत वणवण फिरतात आणि वाटेत त्यांना एक जुनी मैत्रीण भेटते. ती रीमाबाई. आई नव्हे, सासू नव्हे, मैत्रीण. दोन उतारवयातली माणसे बोलत बसतात आणि चित्रपट तेवढ्यापुरता थंड सावलीत येतो. दुसरे काम तर पडद्यावर दिसतही नाही. २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली'त गोष्ट सांगते ती स्वतः कट्यार. आणि त्या कट्यारीचा आवाज रीमा लागू यांचा आहे. इतक्या वर्षांनी कोणाला तरी त्यांच्यातली धार आठवली, याचा मला फार आनंद झाला होता.

२०१६ साली त्यांनी 'नामकरण' ही हिंदी मालिका घेतली. त्यातली दयावंती मेहता ही कठोर, कपटी आजी. नावात दया, वागण्यात तिचा लवलेश नाही. १७ मे २०१७ रोजी संध्याकाळपर्यंत त्यांनी या मालिकेचे चित्रीकरण केले. रात्री छातीत दुखू लागले आणि १८ तारखेच्या पहाटे मुंबईत रुग्णालयात त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. मालिका थांबत नसतात. दयावंतीच्या भूमिकेत रागिणी शाह आल्या आणि काम पुढे सुरू झाले.

सुरुवातीची वजाबाकी तेवढी पुरी करायची राहिली. त्यानंतर पाच आठवड्यांनी, जूनच्या अखेरीस, 'ट्यूबलाइट' लागला. नायक सलमान खान, वय वर्षे एक्कावन्न. भूमिका एका भोळ्या मुलाची.